वॉरगेमचे सैनिक झटपट आणि मजेत कसे रंगवावेत: मराठवाड्याच्या हवापाण्याला धरून

असईची लढाई टेबलावर मांडायची ठरवली की पहिला साधा हिशेबच थांबवतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या बाजूने पोलमन या युरोपियन सेनानीच्या हुकमतीखाली दहा हजारांच्या वर कवायती पायदळ उभं होतं. टेबलावरचा एक छोटा सैनिक म्हणजे पन्नास खरी माणसं असं प्रमाण धरलं तरी नुसत्या त्या पायदळाचेच दोनशेच्या वर सैनिक होतात. शिवाय घोडदळ, तोफा आणि समोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पलटणी. एका सैनिकाला तीन तास दिले तर या पायदळालाच सहाशे तास लागतील. नोकरी किंवा शेती आणि घर सांभाळून हे होत नाही, आणि मग न रंगवलेले सैनिक वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहतात.

ज्यांना हा छंद नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. वॉरगेम म्हणजे धातूचे, प्लास्टिकचे किंवा रेझिनचे छोटे सैनिक टेबलावर मांडून, मोजपट्टी आणि फाशांच्या नियमांनी लढाई खेळणं. सैनिक बहुतेक २८ मिलिमीटर किंवा १५ मिलिमीटर उंचीचे असतात, १/७२ प्रमाणातले मऊ प्लास्टिकचे स्वस्त संचही मिळतात.

माझं ठाम मत असं आहे की वेळ ब्रश चालवण्यात कमी जातो आणि ठरवण्यात जास्त जातो. या सैनिकाची पगडी कोणत्या रंगाची, कमरबंद कोणता, डोळे काढायचे की नाही, हे प्रत्येक सैनिकापाशी नव्याने ठरवत बसलं की वेळही जातो आणि जीवही कंटाळतो. हे सगळं आधी एकदाच ठरवलं तर पुढचं काम हात आपोआप करतो आणि डोकं मोकळं राहतं. मजा त्या मोकळेपणात आहे.

एक नमुना आणि एक वही

गणपतीच्या कारखान्यात काम कसं चालतं ते पाहिलं असेल. एक मूर्ती पूर्ण करून दुसरी घेत नाहीत. आधी सगळ्यांना अंगाचा रंग, मग सगळ्यांची पितांबरं, मग दागिने, आणि डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, ज्याचा हात बसलाय त्याच्याकडून. आपल्यालाही हेच करायचं आहे, फक्त त्याआधी एक नमुना तयार करायचा.

पलटणीतला एकच सैनिक घ्या आणि तो शेवटपर्यंत रंगवा. रंगवताना वहीत क्रमाने लिहा: कोट कोणत्या बाटलीतला, किती पाणी घातलं, वॉश (घड्यांत उतरून सावली देणारा पातळ गडद रंग) कोणता, शेवटी कुठे उजळ केलं. हा सैनिक हातभर अंतरावर ठेवून पाहा, कारण खेळताना तो तेवढ्याच अंतरावरून दिसणार आहे. नाकाजवळ धरून पाहू नका. हातभर अंतरावरून जे दिसत नाही ते वहीतून काढून टाका. बटणं दिसत नाहीत? गेली. बुटाचा तळ? गेला. नमुना पटला की उरलेल्यांवर त्यातली एकही गोष्ट बदलायची नाही.

एका वेळी किती घ्यावेत? पायदळ असेल तर आठ ते दहा, घोडेस्वार असतील तर चार ते सहा. याहून कमी घेतले तर एकगठ्ठा कामाचा फायदा मिळत नाही. वीस-चोवीस घेतले तर एकच लाल रंग लावता लावता तासभर जातो, काही पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही आणि माणूस उठून जातो. चोवीस जणांची पलटण असेल तर आठ-आठचे तीन गट करा.

साफसफाई आणि बांधणी

साच्याच्या जोडावर बारीक रेघ असते. ती सुरीच्या पात्याने किंवा बारीक कानशीने काढायची. या कानशी ऑनलाइन शोधत बसायची गरज नाही, सराफ्यात सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानात छान मिळतात. चेहरा, पगडी आणि खांद्यावरच्या रेघा नक्की काढा, पायांच्या आतल्या बाजूच्या राहिल्या तरी चालतील. त्यानंतर कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून जुन्या टूथब्रशने घासून घ्या, कारण साच्यातून काढताना लावलेला तेलकट थर राहिला तर पुढे रंग सोलून निघतो. थ्रीडी प्रिंट केलेलं रेझिन असेल तर ते नीट धुऊन आणि पूर्ण कडक होऊन आलंय का, ते विकणाऱ्याला विचारा. चिकट लागत असेल तर त्यावर काही लावू नका.

धातू आणि रेझिन फेव्हिक्विकने चिकटतं. कडक प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट वापरा, ते दोन तुकडे विरघळवून एकजीव करतं आणि खेळताना हात तुटून पडत नाही. पायदळ आइस्क्रीमच्या काड्यांवर चार-पाच जणांच्या रांगेत, दुहेरी टेपने किंवा फेव्हिकॉलच्या थेंबाने बसवा. काडी हातात धरली की एका दमात अख्खी रांग रंगते. स्वार आणि घोडा वेगवेगळे ठेवा, नाहीतर खोगिराखाली ब्रश जात नाही. बाकी काही सुटं ठेवू नका.

अस्तर: इथे आपली हवा आडवी येते

अस्तर म्हणजे रंगाआधी द्यायचा पहिला थर, प्रायमर. परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची इथेच फसगत होते. ते ज्या हवेत काम करतात ती आपली नाही. एप्रिल-मे महिन्यात नांदेड, परभणी, जालना कुठेही पारा ४० च्या वर जातो आणि हवा कोरडीठाक असते. अशा दुपारी स्प्रेचा कॅन मारला तर रंगाचा तुषार सैनिकापर्यंत पोचायच्या आतच अर्धा वाळतो आणि त्यावर पिठासारखा बसतो. पृष्ठभाग खरखरीत होतो आणि तो काही केल्या गुळगुळीत होत नाही. पावसाळ्यातल्या दमट दिवशी उलटा त्रास: थर वाळायला वेळ लागतो आणि त्यावर पांढुरकी झाक येते.

म्हणून उन्हाळ्यात अस्तराचं काम सकाळी सहा-साडेसहाला, ऊन चढायच्या आत, गच्चीवर किंवा माळवदावर, सावलीच्या बाजूला करा. कॅन आदल्या रात्री घरातच ठेवा, उन्हात किंवा गाडीत कधीच ठेवू नका. पावसाळ्यात आपल्याकडे पावसाचा खंड पडतोच. त्या कोरड्या दिवसांत दोन-तीन गटांचं अस्तर एकदम उरकून घ्या. दिवाळी ते होळी हा काळ सर्वांत चांगला. हौशी माणसाने वर्षभराचं अस्तर याच दिवसांत मारून ठेवावं असं मी म्हणेन.

पद्धत अशी. कॅन दोन मिनिटं हलवा. तोंडाला मास्क लावा. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, फवारा सैनिकाच्या बाहेर सुरू करून त्याच्यावरून पलीकडे नेऊन बाहेरच थांबवा. पहिला हात काळा, सगळीकडून आणि खालूनही. तो वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा हलका हात फक्त वरून, तिरप्या कोनात मारा. दुपारच्या उन्हाची तिरीप जिथे पडेल तिथे पांढरं, आणि काखेत, घड्यांत, पोटाखाली काळं राहतं. पुढे वर येणारा पातळ रंग या उजेड-सावलीला धरूनच बसतो आणि छटा फुकटात मिळते.

स्प्रे नको असेल किंवा फ्लॅटमध्ये सोय नसेल तर काळा जेसो (ब्रशने लावायचं दाट अस्तर) लावा आणि वाळला की राखाडी, मग पांढरा रंग ड्रायब्रशने द्या. ड्रायब्रश म्हणजे ब्रशवर रंग घेऊन कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. यासाठी मेकअपचा गोल मऊ ब्रश अगदी उत्तम, बारीक ब्रशांची यात वाट लागते. खरं सांगायचं तर मला हीच पद्धत जास्त आवडते: हवामानाची वाट बघावी लागत नाही, वास नाही, आणि पलटण डोळ्यांसमोर आकार घेताना दिसते.

गॅरेजच्या दुकानातला गाड्यांचा राखाडी प्रायमर स्वस्त पडतो आणि धातूवर चांगला बसतो. कडक प्लास्टिकवर मारायच्या आधी ज्या फ्रेममधून सैनिक कापले तिच्या तुकड्यावर मारून पाहा. प्लास्टिक मऊ पडलं किंवा सुरकुतलं तर तो वापरू नका. १/७२ च्या मऊ प्लास्टिकवर तर कडक अस्तर वाकताच तडकतं, तिथे जेसोच बरा.

रंग, पाणी, पंखा

रंगांच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट: पातळ, पारदर्शक, एका हातात सावली आणि उजेड दोन्ही देणारे रंग. गेम्स वर्कशॉपने २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट या नावाने ते आणले, नंतर आर्मी पेंटरचे स्पीडपेंट आले. पांढरट अस्तरावर एक भरपूर हात द्यायचा, खोलगट जागी थेंब साचला तर कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचा, आणि एकदा वाळायला लागला की परत त्याला हात लावायचा नाही. स्पीडपेंटच्या पहिल्या आवृत्तीतले रंग वाळल्यावरही ओल्या ब्रशने पुन्हा विरघळायचे. कुणाकडून जुन्या बाटल्या घेतल्या असतील तर त्यावर दुसरा रंग जपून लावा.

दुसरी वाट स्वस्त आणि घरची: कॅमलचे ॲक्रिलिक रंग. ट्यूबमधला रंग दाट असतो, तो साय काढलेल्या दुधाइतका पातळ करून दोन हात द्या. सपाट रंग झाला की वरून तपकिरी वॉश. वॉश घरी करता येतो: ॲक्रिलिक मीडियम आणि पाणी समसमान, त्यात बर्न्ट अंबर आणि काळ्याचे काही थेंब, आणि भांड्यांच्या लिक्विडचा अगदी एक ठिपका, म्हणजे तो घड्यांत नीट उतरतो. कापडावरचे फेव्हिक्रिल रंग बेससाठी (सैनिकाच्या पायाखालच्या चकतीसाठी) आणि तंबूंसाठी ठीक आहेत, चेहऱ्यासाठी त्यांचा थर जाड होतो.

आता पाणी. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं. बादलीला, नळाला पांढरे डाग पडतात तेच डाग वॉश वाळल्यावर काळ्या कोटावर उमटतात. रंगात मिसळायला फिल्टरचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. ब्रश धुवायला कुठलंही चालेल, आणि तेही दोन वाट्या पुरतं: एक मळका ब्रश खळबळायला, दुसरी स्वच्छ.

कोरड्या हवेत पॅलेटवरचा रंग बघता बघता वाळतो. त्यावर ओला पॅलेट हाच उपाय. चपट्या डब्यात टिश्यू पेपरच्या चार घड्या भिजवून ठेवा, वर बेकिंगचा बटर पेपर पसरा आणि रंग त्यावर घ्या. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही तोच रंग वापरता येतो, एकाच गटात छटा बदलत नाही. काम करताना छतावरचा पंखा बंद ठेवा किंवा अंगावर न येईल असा टेबल फॅन मागे लावा. मे महिन्यात हे अवघड आहे हे मान्य, तेव्हा कूलरच्या खोलीत बसा. कूलरच्या ओलाव्याने रंग थोडा सावकाश वाळतो, आणि पारदर्शक रंगांना ते मानवतं.

ब्रशाबद्दल एक गैरसमज आहे की बारीक कामाला शून्य-शून्य नंबरचा केसासारखा ब्रश लागतो. आपल्या हवेत तर तो अजिबात घेऊ नका. त्यात रंग मावतच नाही, पॅलेटपासून सैनिकापर्यंत जाईस्तोवर टोक वाळतं. चांगल्या टोकाचा दोन नंबरचा ब्रश घ्या. पोट मोठं, टोक बारीक, आणि एका भरण्यात तीन कमरबंद होतात. ड्रायब्रशसाठी वेगळा, वॉशसाठी एक जुना मोठा. तीन ब्रश पुरे.

बाटली एकदाच उघडायची

क्रम आतून बाहेर ठेवा: आधी त्वचा, मग कपडे, मग पट्टे आणि कमरबंद, मग हत्यारं. आतला रंग बाहेर सांडला तर वरचा रंग त्याला झाकतो.

कवायती पलटणी सोप्या. वेलस्लीच्या ७४ व्या आणि ७८ व्या हायलँडर पलटणी, मद्रासचे शिपाई, सगळ्यांचे कोट लाल. ७४ व्या पलटणीच्या कॉलर-बाह्यांच्या पट्ट्या पांढऱ्या, ७८ व्याच्या फिकट बदामी. लाल रंगाची एक बाटली उघडून अर्धं सैन्य उभं राहतं.

मराठी स्वार अवघड वाटतात कारण प्रत्येकाचा पोशाख वेगळा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे कपडे घेऊन येणारा. इथे माणसं एकेका स्वारासाठी रंग जुळवत बसतात आणि आठवडे जातात. त्यापेक्षा असं करा. सगळ्यांच्या अंगरख्यांना आधी मळकट पांढरा द्या, कारण न रंगवलेलं सुती कापड हेच सर्वांत जास्त अंगावर असायचं. मग लाल बाटली उघडा: पहिल्या, चौथ्या आणि पाचव्याची पगडी, दुसऱ्याचा कमरबंद, तिसऱ्याचं खोगिराचं कापड. बाटली बंद. निळी उघडा: दुसऱ्याची पगडी, पाचव्याचा अंगरखा, पहिल्याचं खोगिराचं कापड. बंद. पिवळी, हिरवी, असंच एकेक घर पुढे सरकत जा. पाच बाटल्यांत सहा स्वार सगळे वेगवेगळे दिसतात आणि ठरवायचं असं काही उरत नाही.

रंग कोणते घ्यावेत यालाही आधार आहे. त्या काळी लाल आल नावाच्या झाडाच्या मुळांचा किंवा मंजिष्ठेचा, निळा निळीचा, पिवळा हळदीचा किंवा पळसाच्या फुलांचा. हळद आणि पळस उन्हात पटकन उडतात, नीळ टिकते. म्हणून पिवळ्या-केशरीत थोडा मळकट पांढरा मिसळून तो विटका करा, निळा तसाच गडद ठेवा. मोहिमेवरचं सैन्य खरं वाटतं ते अशा विटक्या रंगांमुळे. बाटलीतला भडक पिवळा सरदारासाठी राखून ठेवा.

त्वचेसाठी बाजारात ‘फ्लेश’ नावाची बाटली मिळते ती गुलाबी असते. आपल्या माणसांना ती शोभत नाही. बर्न्ट सायना दोन भाग, यलो ऑकर एक भाग आणि पांढऱ्याचा एक ठिपका, वर तपकिरी वॉश, मग नाक, गाल आणि हाताच्या मुठींवर मूळ मिश्रणात थोडा पांढरा घालून एकेक फटकारा. काहींना ऑकर जास्त, काहींना बर्न्ट अंबर जास्त, अशा तीन छटा एका गटात केल्या की रांग जिवंत होते. यावर वेळ घालवा. टेबलावरच्या सैनिकाकडे पाहताना नजर आधी चेहऱ्याकडे जाते, मग पगडीकडे. डोळे मात्र काढू नका. २८ मिलिमीटरच्या चेहऱ्यावर भुवईखाली साचलेला वॉश पुरेसा डोळा दाखवतो, पांढरा डोळा काढला की सैनिक दचकल्यासारखा दिसतो.

घोडे आणि बैल

घोड्यांचे रंग शिकायला नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारखी जागा नाही. घोड्यांचा एवढा मोठा बाजार, मोबाइलवर फोटो काढून आणा. गटात निम्मे घोडे कुम्मैत ठेवा: अंग लालसर तपकिरी, आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. पांढरट अस्तरावर एक पारदर्शक तपकिरी हात आणि काळ्याचे चार फटकारे, झाला घोडा. उरलेल्यांत एखादा राखाडी, एखादा अबलख. कपाळावर पांढरा पट्टा आणि चारही पाय पांढरे असलेला पंचकल्याणी सरदाराला द्या.

तोफा आणि सामानाचे गाडे बैल ओढायचे, म्हणून बैल लागतातच. आपल्या मातीतल्या जाती घेतल्या तर काम फार सोपं होतं. कंधारकडचा लाल कंधारी अंगभर गडद तांबडा, म्हणजे एक हात आणि एक वॉश. लातूरकडच्या देवणीत तीन प्रकार: बालंक्या पांढराशुभ्र, वानेरा पांढरा पण तोंड काळं, शेवरा पांढऱ्यावर काळे ठिपके. अस्तर पांढरं असेल तर बालंक्याला राखाडी वॉश दिला की संपलं. जोडी लावताना एक वानेरा, एक शेवरा घ्या, फार देखणी दिसते.

शेवटचा उजेड

वॉश पूर्ण वाळला की एकच फेरी उजळ रंगाची. पगडीचा माथा, खांदे, गुडघे, घोड्याची मान. मूळ रंगात पांढरा मिसळून फक्त वरच्या कडांवर. बंदुकीच्या नळीला रुपेरी, तोफेला पितळी, तलवारीच्या धारेवर एक रेघ. त्यानंतर एक दुरुस्तीची फेरी, जिथे रंग बाहेर गेलाय तिथे झाकायचा. दुरुस्ती मधेच करायची नाही. ओल्या रंगावर पुसापुशी केली की खड्डा पडतो आणि वेळ दुप्पट जातो.

वाचवलेला वेळ कुठे घालवायचा? सरदारावर, निशाणावर. पाठीमागच्या रांगेतल्या शिपायाला वीस मिनिटं मिळाली तर जरीपटक्याला संध्याकाळ द्या. निशाण पातळ कागदावर रंगवा, दोन्ही बाजू जोडताना फेव्हिकॉल ओला असतानाच पेन्सिलीभोवती गुंडाळून लाटा पाडा, आणि वाळल्यावर लाटेच्या माथ्यावर उजळ रेघ ओढा. पलटणीतलं हे एक काम मनासारखं झालं की बाकीच्यांकडे कुणी बारकाईने पाहत नाही.

जमिनीचा रंग तारीख ठरवते

बेस करायला माणसं आळस करतात, पण मला विचाराल तर अर्धं चित्र बेसच असतं. साधारण रंगवलेला सैनिकही चांगल्या बेसवर उठून दिसतो.

खरी काळी माती चिकटवायचा मोह होतो. ती वापरू नका. आपली काळी कापसाची माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, फेव्हिकॉलमध्ये घातली तरी पापुद्रे सुटतात. बारीक चाळलेली वाळू घ्या, चहाच्या गाळणीने गाळा, तव्यावर भाजून कोरडी करा. बेसवर फेव्हिकॉल लावून त्यात बुडवा, वाळली की काळपट तपकिरी रंग आणि वर राखाडी-तपकिरी ड्रायब्रश. मातीचा काळेपणा येतो आणि काही सुटत नाही. एखादा काळ्या दगडाचा कच ठेवला तर जमीन ओळखू येते.

गवताचा रंग लढाईच्या तारखेवरून ठरवा. राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ ची, गोदाकाठी, भर पावसाळ्यात. निजामाचं सैन्य नदी ओलांडत असताना ती झाली आणि दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. तिथे हिरवं गवत, चिखल, घोड्यांच्या पायांना गुडघ्यापर्यंत ओल्या मातीचा रंग. असई सप्टेंबरअखेरची: हिरवंच, पण नदीकाठची वाळू उघडी. उदगीर ३ फेब्रुवारी १७६० ची, सदाशिवरावभाऊंच्या मोहिमेची: गवत वाळून पिवळसर पडलेलं. मराठवाड्याच्या वेशीवरचं खर्डा ११ मार्च १७९५ चं: त्याहून कोरडं, धुळकट. एकाच सैन्याने सगळ्या लढाया खेळायच्या असतील तर वाळकं गवतच करा, ते वर्षाचे जास्त महिने खरं असतं.

गवतासाठी सुतळी अर्धा सेंटिमीटर कापून, उकलून, फेव्हिकॉलच्या थेंबात उभी करा. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात कालवून वाळवला की झुडपं होतात. चहाचा चोथा धुऊन कडक उन्हात वाळवला तर पालापाचोळा मिळतो. मात्र पूर्ण वाळवा, ओलावा राहिला तर पावसाळ्यात बुरशी धरते. बेसची कड एकाच तपकिरी रंगाने रंगवा.

व्हार्निश आणि ठेवण

घामट बोटांनी सैनिक उचलले की पगडीचा रंग महिन्याभरात घासतो. म्हणून मॅट व्हार्निशचा एक हात हवाच. स्प्रेचं व्हार्निश दमट हवेत पांढरं पडतं आणि झालेलं काम डोळ्यांदेखत धुक्यात जातं, त्यामुळे पावसाळ्यात ब्रशने लावायचं व्हार्निश वापरा. पातळ दोन हात, एक जाड नको.

बैठकीचं नियोजन असं ठेवा: एका बैठकीत एक किंवा दोन रंग, पाऊण तासाच्या वर नाही, आणि रंग सगळ्या गटाला पूर्ण लागल्याशिवाय उठायचं नाही. सामान एका मोठ्या ताटात कायम मांडलेलं असू द्या. रोज मांडामांड करावी लागली तर माणूस बसतच नाही. लाइट जाण्याचा भरवसा नसतो, चार्जिंगचा पांढरा एलईडी दिवा डाव्या हाताला ठेवा. डावखुरे असाल तर उजव्या. कानाला कीर्तन, सामन्याचं धावतं वर्णन, काहीही लावा, फक्त डोळे गुंतवणारं नको. दोघे-तिघे मित्र एकत्र बसत असाल तर काम वाटून घ्या: एकाकडे सगळी त्वचा, दुसऱ्याकडे घोडे, तिसऱ्याकडे बेस. सुट्टीत आलेल्या भाचरांना ड्रायब्रश आणि बेस द्यावेत, दहा वर्षांचं मूलही ते सुरेख करतं आणि पुढची लढाई खेळायला हक्काने येऊन बसतं.

तयार पलटणींच्या बेसखाली चुंबकाच्या पातळ शीटचा तुकडा चिकटवा आणि त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. चुंबक लागतो का हे डबा घेताना तपासा. खेळायला जालन्याहून संभाजीनगरला नेताना सैनिक हलत नाहीत. उन्हाळ्यात डबा गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. तापलेल्या गाडीत रेझिनचे भाले आणि तलवारी वाकतात. वाकलेच तर गरम पाण्यात काही क्षण धरून सरळ करा, तसेच धरून गार पाण्यात बुडवा, आणि पुसून लगेच व्हार्निशचा नवा हात द्या.